वाहून गेलेल्याचा कायदा

बाभळीच्या फांदीत अडकलेलं कापड शिमशोनने बांबूच्या टोकाने ओढलं, तसा त्याचा डावा पाय गाळात घोट्याच्या वर रुतला. मागून सुगतने त्याचा शर्ट पाठीवर मुठीत धरून ठेवला होता, एखाद्या पोराला धरतात तसा.

"हळू. हळू ना, शिमशोनभाऊ. तुमालाबी शोधत बसू का म्या?"

कापड सुटलं आणि लगद्यासारखं काठावर येऊन पडलं. निळं होतं. शिमशोन खाली बसला. बोटांनी गाळ पुसत त्याने कापडाची कड शोधून काढली. कडेला शिवण नव्हती, काज नव्हतं, खिसा नव्हता. लुंगी होती कुणाची तरी. त्याने ती पिळली आणि वाळत घालावी तशी दगडावर नीट पसरून ठेवली.

"ज्याची असेल तो येईल न्यायला," तो म्हणाला.

सुगतने पसरलेल्या लुंगीकडे पाहिलं, मग नदीकडे. पाणी उतरलं होतं. आठवड्यामागे जो फरशी पूल दिसतही नव्हता, तो आता चिखलाने माखून उघडा पडला होता. त्याच पुलावरून शिमशोनचा मुलगा ईलान हदगावकडे निघाला होता, एका शेतावरचा सौरपंप दुरुस्त करायला. मोटारसायकल दुसऱ्याच दिवशी पुलाखालच्या गाळात सापडली. अवजारांची पिशवी सापडली. एक बूटही सापडला. ईलान सापडला नाही.

वरच्या अंगाला शोधपथकाची माणसं रबरी नाव ट्रकमध्ये चढवत होती. त्यांचा म्होरक्या, वयाने ईलानएवढाच असेल, टोपी हातात घेऊन खाली आला.

"काका, आमाला दुसऱ्या तालुक्यातून बोलावणं हाय. तिकडं लई लोकं अडकलेत." त्याने टोपीने खालच्या अंगाकडे दाखवलं. "खालच्या गावांत सांगून ठेवलंय. काही दिसलं तर फोन येईलच."

"येईल," शिमशोन म्हणाला. "तुम्ही जेवलात का?"

त्या मुलाने टोपी घातली आणि तो वर गेला.

*

प्रश्न: आशा सुटली हे कुणी ठरवायचं?

उत्तर: ज्याचं हरवलं, त्याने.

हरकत:

*

हरकत घ्यायचं काम सुगतचं होतं. दोघेही नांदेडच्या आयटीआयमध्ये शिकवायचे. शिमशोन आष्टमकर फिटरच्या वर्गाला, सुगत वायरमनच्या. निवृत्त झाल्यावर शिमशोनने तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकायला घेतली. गावात दुसरं इस्राएली घर नव्हतं. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हजान फोनवरून शिकवायचे: शास्त्र, नियम, प्रार्थनेतले शब्द, राग कसा गिळावा, जीभ कशी आवरावी. सुगत आधी नुसता चहाला यायचा. फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू असायचा, आणि एक दिवस सुगतला राहवलं नाही.

"तुमच्या देवाला वकील लई लागतात हो," तो मध्येच म्हणाला होता.

पलीकडून हजान खळखळून हसले. म्हणाले, "शिमशोनभाई, यांना सोडू नका. शिकताना समोर आडवं बोलणारा माणूस लागतोच. एकटा शिकणारा स्वतःच्याच होला हो म्हणत बसतो."

तेव्हापासून सुगत आडवं बोलत आला. घरी जाऊन तो सगळं बायकोला, बुद्धप्रियाला, सांगायचा, आणि तिच्या हरकती पुढच्या गुरुवारी घेऊन यायचा.

या उन्हाळ्यात त्यांनी हरवलेल्या वस्तूंचे नियम घेतले होते. सापडलेली वस्तू परत करायलाच हवी. मालकाने आशा सोडली असेल, तरच ती सापडणाऱ्याची. तोवर ती कुणाच्याही घरात पडून असो, मालकाचीच. सुगतला हे फार पटलं. त्याच्या मेहुण्याची म्हैस पुरात गेली होती ती उमरखेडकडे कुणाच्या तरी गोठ्यात सापडली, आणि त्या माणसाने वर चाऱ्याचे पैसे मागितले, ही गोष्ट त्याने त्या दिवशी हजानना दोनदा ऐकवली.

"पण पुराचं वेगळं आहे," हजान म्हणाले. "नदीने वाहून नेलेली वस्तू गेली. मालक काठावर उभा राहून ओरडत असेल, मी आशा सोडलेली नाही, मी आशा सोडलेली नाही, तरी गेलीच. घर कोसळल्यावर त्या ढिगाऱ्यापुढे ओरडणाऱ्यासारखं ते. ओरडण्याने घर उभं राहत नाही."

"हा काय न्याय झाला?" सुगत उसळला होता. "वरडणाऱ्याचं कुनी ऐकायचंच न्हाई?"

आणि शिमशोनने, चहाची बशी पुसत, शांतपणे त्याची समजूत काढली होती. कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं, सुगत. नाहीतर प्रत्येक ओरडणाऱ्यापाशी जग थांबून राहील.

किती नीट समजावलं होतं त्याने.

*

फोन वाजला तेव्हा ते काठावरून वर चढत होते. हजानच होते.

"पथक गेलं?"

"गेलं."

"शिमशोनभाई, आज संध्याकाळी नव्याचा सण लागतोय."

शिमशोनला ते ठाऊक होतं. घरात या वर्षी नव्या वर्षाचा चिकाचा हलवा शिजला नव्हता, एवढ्यावरूनही ठाऊक होतं. ईलान गेल्यापासून त्याने प्रार्थना केली नव्हती. प्रार्थनेच्या वेळी कपाळाला आणि दंडाला बांधायच्या, शास्त्रवचनांच्या छोट्या पेट्या मखमली पिशवीतून काढल्या नव्हत्या. गल्लीतल्या लोकांना वाटत होतं, म्हातारा देवावर रुसला. तसं नव्हतं. ज्याचं माणूस गेलंय आणि अजून मातीआड झालेलं नाही, त्याला शास्त्र सगळ्यातून मोकळं करतं. त्याने प्रार्थना करायची नाही, शिकायचं नाही. त्याचं काम एकच, आपल्या माणसाला मातीपर्यंत पोचवणं. शिमशोन तेच काम करत होता. रोज सकाळच्या बसने, बांबू घेऊन.

"देह सापडला नाही तर काय, ते तुम्ही मला परवा विचारलं होतं," हजान म्हणाले. त्यांचा आवाज शिकवतानाचा नव्हता. "नियम असा आहे. माणूस म्हणजे वस्तू नव्हे. वस्तूच्या बाबतीत नदी कुणाला विचारत नाही. पण माणसाच्या बाबतीत शास्त्र घरच्यांसाठी थांबतं. शोधायची आशा ज्या क्षणी तुम्ही सोडाल, त्या क्षणापासून दुखवटा सुरू. तेव्हा कपडा फाडायचा, तेव्हा जमिनीवर बसायचं. सात दिवस."

"माहीत आहे."

"आणि सण आला की दुखवटा तिथेच संपतो. सणाआधी घटकाभर बसला असाल तरी सातही दिवस धरले जातात. म्हणून म्हणतो. आज सूर्य मावळायच्या आत. तुम्ही आणि मिल्काबाई, दोघांनी. नाहीतर सणात बसता येणार नाही, आणि सण सरल्यावर पुन्हा... किती दिवस काठावर जाल, भाई? शास्त्राला तुमची दया येते. त्याला येऊ द्या."

शिमशोनने फोन खिशात ठेवला. सगळं सुगतने ऐकलं होतं.

"घंटाभर बसलं की सात दिवस माफ?" सुगत म्हणाला. आडवं बोलायची सवयच होती. "लई सोपं केलं की."

"सोपं?"



*

प्रश्न: बापाने आशा सोडली नाही तर मुलगा कुणाचा?

उत्तर: बापाचा.

प्रश्न: आणि सोडली तर?

या ठिकाणी शिमशोन रोज अडत होता. बसच्या खिडकीशी बसून अडत होता, भाकरीचा तुकडा मोडताना अडत होता. सोडली तर नदीचा. म्हणजे नदीने नेलं म्हणून नव्हे. त्याने, शिमशोनने, दिलं म्हणून.

*

हदगावच्या स्थानकावर नांदेडची बस लागलेली होती. वाहक दारातून ओरडत होता. शिमशोन चढायला निघाला तर सुगतने त्याचं मनगट धरलं.

"चहा घेऊ ना. ही भरलेली हाय. मागून दुसरी येतेच की."

"सुगत, बस अर्धी रिकामी आहे."

"हाव, पण..." सुगतने कान खाजवला. "बरं, चला. मी घरी एक फोन करून येतो. बुद्धप्रियाला सांगतो, लवकर येऊन राहिलो म्हणून."

त्याने बसच्या मागे जाऊन फोन लावला. पुन्हा लावला. कुणी उचलला नसावा, कारण तो परत आला तेव्हा फोन हातातच होता आणि पुढचा सगळा रस्ता त्याने तो तळहातावर पालथा धरून ठेवला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पाण्यात झोपलं होतं. शिमशोन बायकोचा, मिल्काचा विचार करत होता. पहिले दोन दिवस ती नदीवर आली होती. पदर कमरेला खोचून त्याच्याबरोबर चिखलातून चालली होती. मग मंगळवारी सकाळी म्हणाली, "तुम्ही जा. मी घरी थांबते. कुणी आलं, कुणाचा फोन आला, तर घरात माणूस हवं." त्याला आत कुठेतरी लागलं होतं. आई असून. पण बस शहराबाहेर पडेपर्यंत त्याने तिच्या बाजूने विचार केला होता: कुणीतरी वाटेवर राहायचं आणि कुणीतरी दारात, आशा ठेवायची तीही दोघांनी वाटून घ्यायची. रात्री परतल्यावर ती गरम भाकरी वाढायची. तो म्हणायचा, त्याची झाकून ठेव. ती झाकून ठेवायची. तो जेवायचा.

आज तिला सांगावं लागणार होतं. हजान असं म्हणतात. सूर्य मावळायच्या आत. तो शब्द जुळवू लागला. ती ओरडेल. म्हणेल, कसले बाप तुम्ही. म्हणू दे. तिने तसं म्हटलं तर त्यालाही नाही म्हणायला जागा मिळेल. हजानना सांगता येईल, आई तयार नाही.

हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि थोडा धीरही आला.

*

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. सुगत आधी उतरला.

"शिमशोनभाऊ, जरा थांबा हितंच. मी पुढं जाऊन येतो."

"कशाला?"

"थांबा म्हणतो ना."

"सुगत, काही सापडलं का? फोन आला होता का घरी?"

"न्हाई हो, न्हाई. तसं काही न्हाई." सुगतचा चेहरा रडवेला झाला. मग तो बाजूला सरला. "जावा. तुमचंच घर हाय."

घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर बायकांच्या चपला होत्या. शिमशोनने आपली चिखलाने भरलेली चप्पल त्यांच्या शेजारी काढली आणि तो दारात उभा राहिला.

मिल्का जमिनीवर, घडी घातलेल्या वाकळेवर बसली होती. पाठ भिंतीला, पाय अनवाणी. तिच्या ब्लाऊजचा गळा उजव्या बाजूने खाली फाडलेला होता, आणि फाटलेल्या जागी लावायची सेफ्टी पिन उघडी होऊन एका टोकाला लोंबत होती. तिच्यासमोर बुद्धप्रिया होती, कोपऱ्यावरच्या घरातली शिवगंगा होती, आणखी दोघी होत्या. कोनाड्यातल्या आरशावर, दुखवट्यात झाकतात तसा, टॉवेल टाकलेला होता. कुणीही बोलत नव्हतं.

मिल्काने त्याला पाहिलं. तिचा हात पिनेकडे गेला, आणि मग अर्ध्यातच खाली आला.

बुद्धप्रिया उठायला लागली. शिमशोनने हाताने तिला बस म्हटलं.

त्याला सगळं दिसत होतं आणि सगळं एकदम दिसत नव्हतं. बुद्धप्रियाच्या मांडीशी जर्मनची डेगची होती, मसुरीचा वास येत होता. दुखवट्याच्या घरी अन्न शेजाऱ्यांनी आणायचं असतं, निदान पहिलं तरी. घरच्या चुलीवरचं चालत नाही. हे इथल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती, कडू घास नेणं त्यांच्याकडेही होतंच. पण हे गप्प बसणं? इथे तर दारातूनच हंबरडा फोडतात. जो फोडत नाही त्याला नावं ठेवतात. दुखवट्याच्या घरात भेटायला गेलेल्याने आपण होऊन तोंड उघडायचं नाही, ज्याचं गेलंय तो बोलेपर्यंत थांबायचं, हे शिमशोनने एकदा एका गुरुवारी सुगतला सांगितलं होतं. सुगतने ते घरी नेलं होतं. या बायका रोज येऊन हे असं बसत होत्या. रोज, तो नदीवर असताना. आणि तो यायच्या आधी चपला उंबऱ्यावरून नाहीशा होत होत्या, टॉवेल खुंटीवर जात होता, पिन लागत होती.

गल्लीला ठाऊक होतं. सुगतला ठाऊक होतं.

आणि घरात दुखवटा धरून बसलेल्या माणसाच्या हातची गरम भाकरी तो रात्री खात होता.

तो वाकळेकडे गेला नाही. आतल्या खोलीतही गेला नाही. दाराशी, बायकांच्या मागे, जिथे उशिरा आलेला माणूस बसतो तिथे त्याने मांडी घातली. हात गुडघ्यांवर ठेवले. नखांत गाळ होता.

बाहेर कुणीतरी नळाला बादली लावली, ती भरून वाहू लागली, आणि कुणीतरी धावत येऊन नळ बंद केला.

फोन वाजला. सगळ्याजणी दचकल्या. शिमशोनने तो घाईने कानाला लावला.

"शिमशोनभाई," हजान म्हणत होते, "वेळ थोडा आहे. घरी पोचलात का? मिल्काबाईंना सांगितलंत?"

"नंतर बोलतो," शिमशोन हळू आवाजात म्हणाला. "मी भेटायला आलोय एका घरी."

त्याने फोन बंद करून बाजूला पालथा ठेवला.

मिल्काच्या खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती बोलली.

"लवकर आलात."

"नाव गेली त्यांची," तो म्हणाला. आता बोलायला हरकत नव्हती.

"हं."

शिवगंगाने डोळ्याला पदर लावला.

"मी काही ठरवलं नव्हतं हो," मिल्का म्हणाली. ती त्याच्याशीच बोलत होती, पण नजर परातीएवढ्या जागेवर, जमिनीवर होती. "तुम्हाला वाटेल ठरवलं. मंगळवारी पहाटे तुमच्या डब्याला भाकरी करायला बसले. परातीत पीठ काढलं. काढून झालं, आणि बघते तर दोघांपुरतंच. तो एवढा मोठा झाल्यापासून माझा हात कधी चुकला नाही. पिठाच्या डब्यात पुन्हा हात घालायला गेले तर जाईना. बसूनच राहिले." तिने तळहात उलटा करून पाहिला. "माझ्या आधी याला कळलं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगणार होते. त्याच रात्री. तुम्ही आलात, पाय धुतलेत, आणि म्हणालात, त्याची झाकून ठेव."

"मग?"

"मग ठेवली. माझी ठेवली."

बुद्धप्रियाने तिच्या पाठीवर हात ठेवला. शिमशोनने आपल्या नखांतला गाळ काढायला सुरुवात केली, एकेका बोटाचा, फार लक्ष देऊन. त्याची मान वर होत नव्हती.

"गळा कुणी फाडून दिला?" त्याने विचारलं. पहिली चीर दुसऱ्याने द्यायची असते.

"यांनी," मिल्का बुद्धप्रियाकडे पाहून म्हणाली. "कात्री लावताना लई रडल्या. पुढचं मी हातानं केलं."

"नवा होता हो ब्लाऊज," बुद्धप्रिया म्हणाली. "मी म्हणलं, जुना घाला ताई, कशाला चांगल्या कापडाचं वाटोळं. तर ह्या म्हणल्या, जुना कसा चालंल, पोरगा का जुना होता?"

कुणीतरी हसल्यासारखा आवाज केला आणि तो लगेच रडण्यात मिसळून गेला. मिल्कासुद्धा क्षणभर हसली. मग तिने खिडकीतून आलेल्या उन्हाकडे पाहिलं. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं आणि तांबडं होऊ लागलं होतं.

"सण लागेल आता," ती म्हणाली.

बायका उठल्या. कुणी निरोप घेतला नाही, येते म्हटलं नाही. एकेक जण दारातून बाहेर पडताना शिमशोनच्या अंगावरून वळसा घेऊन गेली. बाहेर सुगत पायरीवर बसलेला होता. बुद्धप्रियाने त्याला खांद्याला धरून उठवलं आणि ती त्याला घेऊन गेली.

मिल्का भिंतीला हात लावत उभी राहिली. सणाची तयारी करायची म्हणून तिचं बसणं आता संपलं होतं. तिने आरशावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला, पण आरशात पाहिलं नाही. नहाणीकडे गेली. पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. परत आली तेव्हा ती सणाच्या पांढऱ्या साडीत होती, केस ओले. सणाचे दिवे तिने फळीवर मांडले, वाती सारख्या केल्या, काडेपेटी जवळ ठेवली.

शिमशोन दाराशी होता तसाच होता.

ती त्याच्यापाशी आली नाही. तिने तांब्या उचलला, बायकांची भांडी गोळा केली, डेगची आत नेऊन ठेवली, खोली झाडायला घेतली. केरसुणी भिंतीपाशी पोचली. तिथे ती वाकली, वाकळेवरच्या सुरकुत्या तिने हाताने सारख्या केल्या, आणि वाकळ न उचलता तिच्या कडेकडेने झाडून घेतलं.

भिंतीवर अजून हातभर ऊन होतं, घटकाभर बसण्यापुरतं.